लेडी उतावळेचा नाच

नव्या नाटकाच्या नकला वाटल्या त्या सकाळी डॅमरिस कोलनं आपली नक्कल उलगडली, पहिल्या चार ओळी वाचल्या आणि पुन्हा गुंडाळून मालकांच्या पुढे धरली.

"हारकटसाहेब, दुसऱ्या कुणाची तरी माझ्याकडे आलीय."

हारकट नाटकमंडळीचे मालक. स्वतः नट, सुटलेल्या पोटाचे, आवाज घुमटात बोलल्यासारखा. त्यांनी नक्कल हातात घेतलीही नाही.

"तुझीच आहे ती."

"ही बाई पन्नाशीची आहे."

"आणि तू पस्तिशीची. ठाऊक आहे मला. मधली पंधरा वर्षं पेकबाई पावडरीनं भरून काढतील."

रंगमंचावर बसलेले सगळे हसले. डॅमरिसही हसली. न हसणं म्हणजे लागलं असं कबूल करणं, आणि ते तिनं गेल्या तेरा वर्षांत एकदाही केलं नव्हतं.

सोळाशे सत्त्याहत्तर सालचा तो एप्रिल. राजा परदेशातून परत आला, लंडनची बंद नाटकगृहं उघडली आणि बायकांची कामं बायकाच करू लागल्या, त्याला आता सोळा वर्षं झाली होती. डॅमरिस पहिल्या खेपेच्या नट्यांपैकी. एकोणिसाव्या वर्षी ती या मंडळीत आली आणि तेव्हापासून तिनं नायिकेच्या मैत्रिणीची, कधी नायिकेचीही कामं केली. ती कामं एका साच्याची असत. पंखा हलवत, भुवई उंचावत, समोरच्या देखण्या उनाडाला शब्दात पकडायचं. तो एक टोला हाणणार, ही दोन हाणणार. दोघांचाही जीव एकमेकांवर जडलेला, पण पाचवा अंक येईपर्यंत ओठावर आणायचं नाही. जो आधी बोलला तो हरला. रंगमंचापुढच्या पिटातल्या बाकांवर बसलेले शौकीन लोक त्याच खेळासाठी येत.

नव्या नाटकात ते काम विशीतल्या ॲनिस व्हेनला मिळालं होतं. डॅमरिसच्या वाट्याला तिची मावशी आली. नाटक सर राल्फ मॉन्कटन नावाच्या एका जहागीरदारानं लिहिलं होतं आणि मावशीचं नाव त्यानं लेडी उतावळे असं ठेवलं होतं. लेडी उतावळे विधवा, पैसेवाली आणि पुरुषाच्या सावलीलाही भुलणारी. भाचीशी संधान बांधायला घरात शिरलेला एक तरुण तिला खोटीच चिठ्ठी पाठवतो, की आज दुपारी येतो, आपण दोघं नाचू. बाई हरखते. दार लावून, समोर खुर्ची घेऊन नाचाचा सराव करते. आणि पडद्यामागे लपलेले त्या तरुणाचे दोस्त पोट धरधरून हसतात. नकलेत लिहिलं होतं: इथे लेडी उतावळे खुर्चीला मिठी मारून नाचते, अडखळते आणि खुर्चीसकट पडते.

डॅमरिसनं ती ओळ रंगपटात बसून तीनदा वाचली. पेकबाई शेजारी एका घागऱ्याची झालर टाचत होत्या. त्या कपडेवाल्या. साठी उलटलेली, तोंडात कायम टाचण्या.

"वाईट काम नाही," पेकबाई टाचण्यांच्या फटीतून म्हणाल्या. "टाळ्या तूच घेशील बघ. ती ॲनिस नुसती गोड दिसत बसेल."

"मला टाळ्यांचं काही नाही, पेकबाई."

"मग कशाचं आहे?"

"लपून हसणाऱ्यांचं," डॅमरिस म्हणाली. लगेच तिला वाटलं, बोलले नसते तर बरं. पण पेकबाईंनी मान वर केली नाही. त्यांना ती गोष्ट ठाऊक होती. जुन्या मंडळींपैकी सगळ्यांना होती.

बाविसाव्या वर्षी डॅमरिस थॉर्नबी नावाच्या एका गृहस्थाच्या प्रेमात पडली होती. तो रोज रंगपटात येई, तिच्यासाठी हातमोजे आणी. लग्नाचं वचन त्यानं दिलं, तेही कुणी साक्षीला नसताना. पुढे त्याचं येणं कमी झालं. एकदा तो येतो म्हणून सांगून आला नाही, तेव्हा तिनं रात्री बसून त्याला पत्र लिहिलं. त्यात टोमणा नव्हता, चतुराई नव्हती. 'तुम्ही आला नाहीत. मी दोघांसाठी मांडलं होतं, ते एकटीनं जेवले, आणि जेवताना रडले,' असं साधं लिहिलं होतं. थॉर्नबीनं ते पत्र कॉफीच्या दुकानात टेबलावर उभं राहून दोस्तांना वाचून दाखवलं. तिला हे कळलं ते असं: तिसऱ्या दिवशी ती रंगमंचावर आली, पंखा उघडला आणि पिटातून कुणीतरी ओरडलं, "डॅमरिस, आज किती जणांचं जेवलीस?" सगळं नाटकगृह हसलं. ज्यांना संदर्भ ठाऊक नव्हता तेही हसले, कारण हसू साथीसारखं पसरतं.

तिनं त्या दिवशी नाटक पुरं केलं. पण त्यानंतर कुणाही पुरुषाशी ती एक सरळ वाक्य म्हणून बोलली नाही. कुणी जवळ यायला लागला की ती नाटकातल्यासारखी बोलायची आणि तो हसत हसत परत जायचा. या गोष्टीची तिला इतकी सवय झाली होती की दुःख वाटावं असं त्यात काही उरलं नव्हतं. तिची खोली उबदार होती, काम होतं, पेकबाई होत्या. एकंदरीत बरं चाललं होतं.

फक्त लॅम्बर्ट ओक्सच्या बाबतीत तिला चुटपूट लागून राहिली होती.

लॅम्बर्ट वादकांपैकी. दोन गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं व्हायोल तो वाजवी. वादकांची जागा रंगमंचावरच्या सज्जात होती. तिथून त्याला खालचं सगळं दिसे. वय पंचेचाळीस, अंगानं लांबुडका, बाहीवर सदा गजाला लावायच्या राळेची पांढरी भुकटी. प्लेगच्या साली त्याची बायको गेली आणि तेव्हापासून तो नदीपलीकडे लॅम्बेथला एका खोलीत राही. खेळ संपला की तो होडीसाठी धक्क्यावर चालत जाई. डॅमरिसचं घर नाटकगृहाच्या मागच्याच गल्लीत, तरी तिला धक्क्यावरचीच कालवं आवडत. निदान ती तसं सांगे. दोघं बरोबर चालत, कालवं विकणाऱ्या बाईपाशी उभं राहून व्हिनेगर शिंपडून चार-चार खात, मग तो होडीत बसे आणि ती परत फिरे. हे दोन वर्षं चाललं होतं.

मागच्या शरदात लॅम्बर्ट कालवाची शिंप हातात धरून म्हणाला होता, "डॅमरिसबाई, रविवारी आमची घरमालकीण वामेचं कालवण करते. चांगलं करते. तुम्ही आलात तर मला फार बरं वाटेल."

तिला जावंसं वाटलं होतं. आणि जीभ आपोआप चालली होती. "बरं वाटायला वैद्याकडे जावं, ओक्स. नटीच्या औषधानं माणूस अंथरूण धरतो."

कालववाली खदखदून हसली. लॅम्बर्टही हसला, शिंप टोपलीत टाकली आणि होडीत जाऊन बसला. त्यानंतरही तो तिच्याबरोबर धक्क्यापर्यंत येई, हवेबद्दल बोले, व्हायोलच्या तारांबद्दल बोले. पण पुन्हा त्यानं कधी बोलावलं नाही.

तालमी सुरू झाल्या. सर राल्फ रोज येऊन पुढच्या बाकावर बसत, मांडीवर कुत्रं घेऊन. खुर्चीच्या नाचापाशी हारकटनी विचारलं, "इथं फिडलवाले काय वाजवणार?"

"फिडल कशाला?" सर राल्फ म्हणाले. "म्हातारी नाचतेय. तो मोठा घोगरा डबा वाजू दे एकटाच. म्हातारीला शोभेल. आणि चाल झपाट्याची हवी, म्हणजे तिची फजिती होईल."

सज्जातून लॅम्बर्टनं एक उडती चाल वाजवली. खालच्या सुरात ती खरोखरच जाडा माणूस पळत सुटावा तशी वाटत होती. डॅमरिस खुर्ची कवटाळून भराभर फिरली, स्वतःच्या घागऱ्यात अडकली आणि धाडकन पडली. सर राल्फ इतके हसले की कुत्रं खाली उतरलं.

"अगदी असंच," ते म्हणाले. "आणखी जोरात पडलात तरी चालेल."

पहिल्या दिवशी नाटकगृह गच्च भरलं होतं. मुखवटे घातलेल्या बायका, संत्रीवाल्या, बाकांवर उभे राहून ओळखीच्यांना हात करणारे तरुण. चौथ्या अंकात डॅमरिस पडली तेव्हा जो हशा उठला तसा तिच्या सगळ्या आयुष्यात तिच्या वाट्याला आला नव्हता. पुढचं वाक्य म्हणायला तिला थांबावं लागलं. ॲनिस विंगेत तिच्या गळ्यात पडली. "डॅमरिसताई, नाटकातलं माझं लग्न कुणाच्या लक्षातसुद्धा राहणार नाही आज."

डॅमरिसला टाळी आवडत होती, खोटं कशाला बोला. पण पडताना उजवा गुडघा फळीवर आपटला होता. दुसऱ्या दिवशी ती त्याच गुडघ्यावर पुन्हा पडली. संध्याकाळी पेकबाईंनी मोजा खाली केला आणि तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या.

"हे बघ काय झालंय. भोपळा झालाय."

"उद्याचा दिवस निघेल."

"उद्या उशी लावते मी आतून."

"उशी लावली तर घागरा फुगेल. सोडा हो, पेकबाई. म्हातारीचं काम आहे, लंगडली तरी शोभेल."

तिसऱ्या दिवशी दुपारी ती रंगपटाच्या जिन्यावरून कठडा धरत, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत खाली आली. त्याच वेळी वादक सज्जाकडे चढत होते. लॅम्बर्ट व्हायोल छातीशी धरून भिंतीला टेकला आणि तिला वाट दिली. 

चौथा अंक आला. लपणारे लपले. डॅमरिसनं दार लावलं, चिठ्ठी हुंगून चोळीत खोचली, खुर्ची पुढे ओढली आणि दात घट्ट आवळून पहिल्या गिरकीसाठी उभी राहिली.

वरून चाल आली ती तीच होती, पण सावकाश. इतकी सावकाश की क्षणभर तिनं ओळखलीच नाही. झपाट्यात जी घोगरी नि बावळट वाटत होती, ती धिम्या लयीत खोल आणि गोड निघाली. त्या लयीत धावता येत नव्हतं. डॅमरिसला नाचावंच लागलं. तिनं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, जसा माणसाच्या खांद्यावर ठेवतात, आणि एक पाऊल पुढे, एक मागे, दुखरा पाय जपत ती फिरू लागली. पडद्यामागचे दोघे ठरल्याप्रमाणे हसले. त्यांच्या हसण्याला पिटातून साथ आली नाही. तिला ते ऐकू आलं, म्हणजे काहीच ऐकू आलं नाही. चारशे माणसं गप्प होती. तिच्या मनात आलं, ही बाई काय मागतेय? कुणीतरी आपल्याबरोबर नाचावं, एवढंच. त्यात हसण्यासारखं खरोखरच फार थोडं आहे. आणि हे मनात आल्याबरोबर तिचा चेहरा तिच्या ताब्यात राहिला नाही. तेरा वर्षं भुवईखाली दाबून ठेवलेलं सगळं त्यावर उघडं पडलं, आणि ते झाकायला हातात पंखाही नव्हता.

चाल संपली. ती पडली नाही. विसरून गेली. खुर्चीला वाकून नमस्कार करून ती तशीच उभी राहिली. मग पिटात मागे कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

अंक संपताच सर राल्फ विंगेत हजर. "मी विनोदी नाटक लिहिलंय, हारकट. कीर्तन नाही. पडली का नाही ही?"

हारकटनी डॅमरिसकडे पाहिलं. "का पडली नाहीस?"

"चालच तशी होती, साहेब."

"त्या डबेवाल्याला बोलवा," सर राल्फ म्हणाले.

लॅम्बर्ट खाली आला. भलतंच काही केलंय असं त्याच्या तोंडावर दिसत नव्हतं.

"चाल धिमी का वाजवलीस?" हारकटनी विचारलं.

"बाईंचा गुडघा दुखतोय," तो म्हणाला. "झपाट्यानं वाजवली असती तर त्या पुन्हा पडल्या असत्या."

सगळे त्याच्याकडे बघत राहिले. सर राल्फना वाटलं हा विनोद आहे. ते थोडेसे हसले आणि मग थांबले. डॅमरिसनं उत्तर शोधलं. अशा वेळी तिच्याकडे नेहमी उत्तर असे. या वेळी ती मोजा सारखा करायच्या निमित्तानं खाली वाकली.

"उद्यापासून पूर्वीसारखं," सर राल्फ म्हणाले.

हारकट डोकं खाजवत होते. त्यांनी तीस वर्षं प्रेक्षकांची तोंडं वाचली होती. "सर राल्फ, प्रेक्षकांच्या सज्जातल्या दोन घरंदाज बायका रुमाल लावून बसल्या होत्या. उद्या त्या बहिणींना घेऊन येतील. पण हसायला आलेले लोकही हवेत मला."

तेव्हा डॅमरिस बोलली. "मी आधी नाचते, साहेब. नीट नाचते. मग नमस्कार करते, आणि नमस्कार करताना पडते. डाव्या बाजूला."

तसं केलं. आधी शांतता पसरे, इतकी की मेणबत्त्यांचं चरचरणं ऐकू येई. मग ती बाई खुर्चीपुढे मोठ्या तोऱ्यात वाकायची आणि कोसळायची, आणि दाबून धरलेला श्वास एकदम सुटावा तसा हशा फुटायचा. नाटक आठ दिवस चाललं. त्या काळी आठ दिवस म्हणजे फार. सर राल्फ पुढे जन्मभर सांगत राहिले की हा धिम्या चालीचा विचार आपल्याला घोड्यावर असताना सुचला.

त्या आठ दिवसांत डॅमरिस आणि लॅम्बर्ट धक्क्यापर्यंत बरोबर गेलेच नाहीत. गुडघ्यामुळे ती सरळ घरी जाई. घरी पाय उशीवर ठेवून ती विचार करी. तिला कौतुक करणारे पुष्कळ भेटले होते. तिच्या डोळ्यांचं, बोलण्याचं, पावलांचं. पण ती जिना कशी उतरते ते पाहून गुपचूप एवढं करणारा भेटला नव्हता. आणि या माणसाला आपण कालववालीसमोर हसण्यावारी नेलं. त्याला वाईट वाटलं होतं, हे तिला तेव्हाही कळलं होतं. कळून तिनं बरं वाटून घेतलं होतं, की या खेपेला हरलो ते आपण नव्हे. हे आठवलं की तिला स्वतःची लाज वाटे.

शेवटच्या खेळापर्यंत गुडघ्याची सूज उतरली होती. मे महिना लागला होता, सहा वाजून गेले तरी नदीवर ऊन होतं. लॅम्बर्ट व्हायोल पाठीला लावून धक्क्याच्या पायऱ्या उतरून होडीत बसला. पाठोपाठ डॅमरिस उतरली आणि घागरा सावरत समोरच्या फळीवर बसली.

"तुम्हाला कुठं जायचंय?" तो म्हणाला.

"तुम्ही जाताय तिकडे."

नावाडी म्हातारा, पिळलेल्या दोरखंडासारखा. त्यानं दोघांकडे एकदा पाहिलं आणि होडी लोटली. प्रवाहाच्या मध्यावर समोरून एक होडी आली, आत चार-पाच तरुण, बाटली फिरत असलेली. नदीवर येताजाता अनोळखी माणसांना शिव्या घालण्याचा लंडनचा रिवाजच. त्यातल्या एकानं डॅमरिसला ओळखलं.

"अरे, लेडी उतावळे चालल्यात. बाई, खुर्ची कुठं राहिली?"

"खुर्चीला सोडचिठ्ठी दिली," डॅमरिस तिथल्या तिथं म्हणाली. "आता माणूस बघतेय. तुमच्यात कुणी आहे का? मला तर सगळे स्टुलच दिसतायत."

त्या होडीत हास्याचा कल्लोळ झाला. नावाडी हसला. लॅम्बर्टही हसला. होडी पुढे निघून गेली, आणि डॅमरिसला दिसलं की गोष्ट इथेच सोडून देता येईल. दोघंही हसत पलीकडच्या काठाला लागतील, ती म्हणेल की फिरायला आले होते, आणि याच होडीनं परत जाईल. किती सोपं होतं ते.

"ओक्स," ती म्हणाली. "ते मी विनोदानं म्हटलं नाही. स्टुलाचं सोडून."

त्यानं पाठीवरची व्हायोलची पेटी उतरवून गुडघ्यांशी धरली.

"मागच्या शरदात तुम्ही मला जेवायला बोलावलंत. मला यायचं होतं. मी तुमची टर उडवली कारण मला भीती वाटली. आताही वाटतेय." ती फळीवर पुढे सरकली. "मला तुम्ही आवडता. नुसते आवडता असं नाही. मला तुम्ही हवे आहात. सकाळी उठले की समोर हवे आहात, आणि रात्री शेजारी. आता तुम्ही हसलात तरी चालेल."

नावाड्याच्या नाकातून फुर्रकन हसू निघालं. त्याचा इलाज नव्हता. चाळीस वर्षांत त्यानं या होडीत पुष्कळ ऐकलं होतं, हे नव्हतं ऐकलं. डॅमरिसच्या कानापर्यंत रक्त चढलं. ती वाट बघत राहिली की आता आपलं काहीतरी मोडेल. मोडलं नाही. नदी तशीच वाहत होती, पाठीवर ऊन लागत होतं, आणि म्हातारा हसतोय तर हसतोय.

 वल्ही चार-पाच वेळा पडली.

"मला पटकन बोलता येत नाही," लॅम्बर्ट शेवटी म्हणाला.

"मी थांबते."

आणखी दोन वल्ही. "तुमचा प्रवेश यायच्या आधी मी रोज तारा पुन्हा लावून घेतो. बाकीचे चिडवतात मला. म्हणतात, तुझं वाद्य खराब आहे." त्यानं व्हायोलच्या पेटीवर हात ठेवला. "तारा उतरलेल्या नसतात, डॅमरिस."

नावाडी थोडा वेळ वल्ही उचलून तसाच राहिला. "हे हो म्हणाले का नाही?" त्यानं विचारलं. "मला काही उमगलं नाही."

"म्हणाले," डॅमरिस म्हणाली. "चला तुम्ही."

त्या रविवारी तिनं लॅम्बेथला वामेचं कालवण खाल्लं. घरमालकीण मिसेस टुली जाडजूड आणि चौकस बाई होती. तिनं पाहुणीला दोनदा वाढलं आणि लग्न कुठल्या चर्चमध्ये तेही तिनंच ठरवून टाकलं. जेवणानंतर दोघं मागच्या वाफ्यापाशी बसले. नाटकात लग्नाआधी नायक-नायिका अटी घालतात. मी चहा कुणाबरोबरही पिईन, तू माझ्या खोलीत दार वाजवून यायचं, अशी लांबलचक यादी असते. डॅमरिसनं अशा याद्या खूप म्हटल्या होत्या. ती म्हणाली, "तुमची काही अट?"

त्यानं विचार केला. "घरी नाटकातलं बोलू नकोस. म्हणजे, हसव मला. पण माझ्यापासून लपायला नको."

"बरं."

"तुझी?"

मग तिनं त्याला थॉर्नबीच्या पत्राची गोष्ट सांगितली. पहिल्यापासून, काही न गाळता, पिटातून आलेल्या त्या ओरडण्यासकट. सांगताना तिचा आवाज कापला आणि तिनं तो कापू दिला. "मी कधी तुम्हाला काही लिहिलं तर ते दुसऱ्या कुणाला वाचून दाखवायचं नाही," ती म्हणाली.

लॅम्बर्ट अस्वस्थ झाला. "ते कठीण आहे."

"का?"

"मला सुरांची अक्षरं वाचता येतात. लिहिण्याची नाही येत. आलेली चिठ्ठी मिसेस टुली मोठ्यानं वाचून दाखवते. शेजारणीही येतात ऐकायला."

डॅमरिस आधी बघत राहिली आणि मग इतकी हसली की मिसेस टुली खिडकीत आली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. लॅम्बर्टनं राळेची बाही पुढे केली, आणि मग तिचं नाक पांढरं झालं.

जूनमध्ये त्यांचं लग्न झालं. पेकबाईंनी नाटकातल्या राणीच्या जुन्या पोशाखातली लेस उसवून तिच्या बाह्यांना लावली आणि हारकटना सांगितलं की उंदरांनी खाल्ली. डॅमरिस पुढे अठरा वर्षं नाटकात राहिली. नायिका तिच्या वाट्याला पुन्हा आली नाही. विधवा, आत्या, सासवा आल्या, बहुतेक सगळ्या पुरुषांमागे धावणाऱ्या, कारण लेखकांना तेवढंच सुचे. तिनं प्रत्येकीला एखादी तरी जागा मिळवून दिली जिथे पिट गप्प होई. कधी लेखकाच्या संमतीनं, बहुधा त्याच्या नकळत. लोक तिला पाहायला येत. ॲनिस व्हेन तिशीला आली तेव्हा तिनंही आपणहून म्हातारीचं काम मागितलं, आणि मंडळीत ही नवलाची गोष्ट म्हणून बरेच दिवस बोलली गेली.

पहिल्या हिवाळ्यात डॅमरिसनं नवऱ्याला वाचायला शिकवलं. चुलीजवळ बसून, लाकडी पाटीवर खडूनं. तो मंद होता पण चिकाटीचा. फेब्रुवारीत एकदा दोघं बाजारातून येत असताना तो रस्त्यात मध्येच थांबला आणि एका दुकानाची पाटी वाचू लागला. एकेक अक्षर ओठांनी जुळवत. वारा बोचरा होता, डॅमरिसच्या टोपलीत मासळी होती आणि मागून गाडीवाला ओरडत होता.

"चला की," ती म्हणाली. "केस कापायचं दुकान आहे ते. तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे," लॅम्बर्ट म्हणाला. "पण खाली आणखी एक ओळ आहे. थांब जरा. 'आणि... दात...'"

डॅमरिसनं टोपली खाली ठेवली, गाडीवाल्याला दुसऱ्या बाजूनं जायची खूण केली, आणि शालीत हात गुंडाळून ती त्याच्या शेजारी उभी राहिली.